ऑर्डरपासून वॉरंटीपर्यंत: बास गिटारच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राहक-संवादाची घडी बसवताना ठेवलेल्या नोंदी

५ जानेवारी

हातानं बास बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डर घेतल्यापासून खोका बाहेर पडेपर्यंत आठ ते चौदा महिने सहज जातात. या काळात गिऱ्हाइकाशी कोणी, कधी आणि काय बोलायचं याची पद्धत नव्यानं बसवायला घेतली आहे. त्याच्याच या नोंदी. बास कसा बनवायचा ते यात नाही.

सुरुवातीची स्थिती: एकाच ऑर्डरचे तपशील चार ठिकाणी. स्केल लेंग्थ (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) मेलमध्ये, रंग मेसेजमध्ये, पिकअपमधला (तारेचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागातला) बदल फोनवर, आणि ‘नॉब काळे’ हे बेंचवरच्या मास्किंग टेपवर पेन्सिलीनं. आधी प्रत्येक ऑर्डरला क्रमांक देऊन एकच फाइल केली. नियम असा की फाइलमध्ये जे नाही ते ठरलेलं नाही. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवायचं आणि गिऱ्हाइकाचं ‘हो’ आलं की मगच फाइलला लावायचं.

जुने मेसेज चाळल्यावर कळलं की आवाजावरून भांडणं क्वचितच होतात. ‘कुठवर आलं?’ला उत्तर गेलेलं नसतं, नाहीतर एखादं माप दोघांनी वेगवेगळं धरलेलं असतं.

९ जानेवारी

ऑर्डर फॉर्मचा पहिला मसुदा फसला. ‘नेक (बासचा दांडा) कसा हवा?’ला उत्तर आलं ‘पातळ, फास्ट’. ‘आवाज?’ला ‘उबदार पण पंची’. यावरून करवत कुठे चालवायची?

दुसऱ्या मसुद्यात विशेषणाची जागाच ठेवली नाही. स्केल लेंग्थ, तारांची संख्या आणि ट्यूनिंग, ब्रिजवरचं (बॉडीवर तारा टेकतात तिथलं) तारांमधलं अंतर, नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीची) रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नेकची जाडी, वजनाची कमाल मर्यादा, तारांचा संच. आवाजासाठी एकच रकाना: आवडतं रेकॉर्डिंग, कितव्या मिनिटाला, आणि त्यातलं नेमकं काय हवं. हे रेकॉर्डिंग ऐकून पिकअप आणि त्याची जागा आम्ही सुचवायची.

दोन रकाने अनुभवी माणूसही रिकामे सोडतो. पहिला स्केल लेंग्थचा. १९५१च्या फेंडर प्रिसिजनपासून ३४ इंच इतकं अंगवळणी पडलंय की ते लिहावं असं कोणाला वाटतच नाही. मग पाच तारांच्या बासला आम्ही ३५ धरतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात ३४ असतं. दुसरा ट्यूनिंगचा. ‘पाच तारा’ म्हणजे खाली जाड बी, की वर बारीक सी? नट, तारांचा संच, पिकअप, सगळं त्यावर ठरतं. आता या दोन रकान्यांवर खूण असल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

१४ जानेवारी

आकडे यायला लागले, पण आकडेही चुकीचे येतात. गिऱ्हाईक आपल्या आवडत्या बासवरून माप घेतं आणि दोन ठिकाणी हमखास घसरतं.

एक, नेकची जाडी. कॅलिपर फ्रेटच्या डोक्यावर ठेवला जातो. फ्रेटची उंची साधारण १ ते १.२ मिमी. म्हणजे २१ मिमीचा नेक कागदावर २२ होतो. हातात नेक घेऊन वाजवणाऱ्याला हा एक मिलिमीटर लगेच कळतो. सूचना बदलली: दोन फ्रेटच्या मधे, लाकडावर मोजा, तार मधे येत असेल तर बाजूला सरकवा. सोबत कॅलिपर लावलेला फोटो. फोटोशिवाय नुसती सूचना कोणी वाचत नाही.

दोन, तारांमधलं अंतर. आम्ही तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत मोजतो. गिऱ्हाईक पट्टी घेऊन पहिल्या तारेच्या बाहेरच्या कडेपासून पाचव्या तारेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतं आणि चारनं भागतं. ०.०४५ ते ०.१३० इंचांच्या संचात बाहेरच्या दोन तारांची अर्धी-अर्धी जाडी मिळून २.२ मिमी होते. १९ मिमीच्या ब्रिजवर खरं एकूण अंतर ७६, मोजलेलं ७८.२, भागाकार १९.५ च्या थोडा वर. मग गिऱ्हाईक १९.५ चा ब्रिज मागतं, आणि तसा शोधण्यात आठवडा जातो. फॉर्ममध्ये आता भागाकार करायला सांगतच नाही. बाहेरच्या कडांमधलं अंतर आणि तारांच्या संचाचे आकडे एवढंच विचारतो, वजाबाकी इथे होते.

२० जानेवारी

फ्रेटलेससाठी (फ्रेट नसलेल्या बाससाठी) वेगळं पान केलं. कारण एकच: नेकच्या कडेवरचे, बोटाची जागा दाखवणारे ठिपके.

फ्रेट असलेल्या बासवर कडेचा ठिपका दोन फ्रेटच्या मधे असतो. रेषा नसलेल्या फ्रेटलेसवर काहींना तो तिथेच हवा असतो, कारण डोळ्यांना तीच सवय. बाकीच्यांना तो नेमका सुराच्या जागी, म्हणजे जिथे फ्रेट आला असता तिथे हवा असतो. दोघंही फॉर्मवर ‘स्टँडर्ड डॉट’ असंच लिहितात. एकदा भोक पडलं की ठिपका हलवता येत नाही. जुनं भोक बुजवलं तरी आबनुसाच्या काळ्या कडेवर थोडंफार लपतं, मेपलवर अजिबात लपत नाही. आता पानावर दोन चित्रं आहेत, एकावर गोल करून सही करायची. सही नसेल तर ड्रिल हातात घ्यायचा नाही.

२ फेब्रुवारी

बदलांच्या मागण्या. यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, कारण बेंचवरचा माणूस फोनवर सहज म्हणून जातो, ‘हो, करून टाकू’.

त्यावर ‘कुलूप’ असं नाव देऊन टप्पे ठरवले. लाकूड कापलं की स्केल लेंग्थ आणि तारांची संख्या बंद. नेकला आकार दिला की नटची रुंदी, जाडी आणि तारांमधलं अंतर बंद. बॉडीत खाचा पडल्या की पिकअपचा आकार, त्याची जागा आणि कंट्रोलची संख्या बंद. रंगाचा पहिला हात बसला की रंग बंद. प्रत्येक कुलपाच्या दहा दिवस आधी गिऱ्हाइकाला मेल जातो: अमुक तारखेनंतर हे बदलणार नाही, आत्ता काय लिहिलंय ते वाचा आणि ‘हो’ कळवा.

पिकअपच्या खाचेबद्दल एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी: खाच मोठी होते, लहान होत नाही. ईएमजी कंपनीच्या ३५ मापाच्या सोपबारची (साबणाच्या वडीसारख्या पिकअपची) लांबी ३.५ इंच, ४० मापाची ४ इंच. ३५ ची खाच ४० साठी वाढवता येते, उलट नाही. जॅझ पिकअपच्या (फेंडर जॅझ बासच्या धर्तीच्या) जोडीत ब्रिजकडचा पिकअप सत्तरच्या दशकातल्या जागी हवा असेल तर तो साठच्या दशकातल्या जागेपेक्षा सुमारे १० मिमी ब्रिजकडे सरकतो. ‘सेव्हंटीज स्पेसिंग’ एवढ्यावर विसंबू नये. बाराव्या फ्रेटपासून पिकअपच्या मध्यापर्यंतचं अंतर मिमीत लिहून घ्यावं.

बदलाची चिठ्ठी चार ओळींची: काय बदलायचं, किती जादा पैसे, डिलिव्हरी किती आठवडे पुढे, उत्तर कधीपर्यंत. बरेच बदल तिसऱ्या ओळीवरच मागे घेतले जातात. आठवडे दिसले नाहीत तर बदल फुकट वाटतो.

१६ फेब्रुवारी

प्रगती कळवण्याची पहिली पद्धत होती ‘काही झालं की कळवू’. ती चालली नाही. छान दिसणारं काम झालं की चार फोटो एकदम जायचे. लॅकर (वरचा चकचकीत थर) वाळत असताना महिनाभर काहीच नाही. नेमकं त्याच महिन्यात गिऱ्हाईक अस्वस्थ होतं, कारण त्यानं दुसरा हप्ता भरलेला असतो.

आता एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार, सगळ्या चालू ऑर्डर्सना खबर. काही झालं नसेल तरीही. ठरलेला साचा:

‘नमस्कार. ऑर्डर क्र. १४. झालं: फ्रेटबोर्ड (नेकवरची फळी) चिकटवून रेडियस (तिची गोलाई) काढला. चालू: काही नाही, नेक रॅकवर स्थिरावतोय, घाई केली तर नंतर पीळ धरतो. पुढे: फ्रेट बसवणं, येत्या आठवड्यात. डिलिव्हरीचा अंदाज: ऑगस्टअखेर, बदल नाही. पुढची खबर: शुक्रवार, १ मार्च.’

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची. पुढची खबर कधी ते माहीत असलं की मधले ‘काही अपडेट?’ जवळजवळ थांबतात.

फोटोंबाबत जपून. पॉलिश न केलेली डिंकाची रेघ, पेन्सिलीच्या खुणा, वरच्या थरातले करवतीचे ओरखडे, हे सगळं गिऱ्हाइकाला दोष म्हणून दिसतं. फोटोखाली आधीच लिहायचं: ‘कडेचे ओरखडे घासून जाणार आहेत.’ आणि नॅप्था (लगेच उडून जाणारं द्रावण) लावून ओलं केलेल्या लाकडाचा फोटो पाठवायचा असेल तर तसं सांगायचं. ओल्या फ्लेम मेपलची (ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या मेपलची) लकाकी वाळल्यावर उतरते आणि फिनिशनंतरही नेमकी तशीच परतेल असं नाही. गिऱ्हाईक मात्र तोच फोटो जपून ठेवतं.

१ मार्च

एका प्रीअँपचा (बासमधल्या, बॅटरीवर चालणाऱ्या आवाजाच्या सर्किटचा) पुरवठा लांबला. वाईट बातमी कशी द्यायची याची ही पहिली परीक्षा.

आधीचा रिवाज म्हणजे भिजत घोंगडं: पुरवठादाराकडून पक्कं कळेपर्यंत गप्प बसायचं. ते सोडलं. ज्या दिवशी आपल्याला कळलं त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवायचं, शुक्रवारची वाट पाहायची नाही. मेलमध्ये काय अडलंय ते एका वाक्यात. त्यामुळे काय थांबतं आणि काय थांबत नाही: प्रीअँप नसला तरी फिनिश आणि फ्रेटचं काम चालूच राहतं. मग दोन पर्याय, पैशांच्या आणि आठवड्यांच्या फरकासकट: थांबायचं, किंवा त्याच खाचेत मावणारा दुसरा प्रीअँप.

नवी तारीख मात्र द्यायची नाही, जोवर पुरवठादार लेखी देत नाही. अंदाजानं दिलेली दुसरी तारीख चुकली की तिसरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. तारखेऐवजी पुढची खबर कधी ते सांगायचं, आणि ते पाळायचं.

माफी एकदाच, पहिल्या वाक्यात. तीन परिच्छेद माफीचे असले की गिऱ्हाइकाला कामाची ओळ सापडत नाही.

१८ मार्च

रंगाचे नमुने. स्क्रीनवरचा रंग धरून चालत नाही. दोन फोनवर एकच फोटो दोन रंगांचा दिसतो. ज्या फळीतून बॉडीचा वरचा थर काढला तिच्याच उरलेल्या तुकड्यावर पूर्ण फिनिश करून टपालानं पाठवतो. तुकडा तळहाताहून मोठा हवा, नाहीतर दाणा कळत नाही. मागे ऑर्डर क्रमांक, रंगाचं प्रमाण आणि तारीख. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहून मग उत्तर द्या, असं सोबत लिहायचं. अशाच दुसऱ्या तुकड्यावर तेच प्रमाण लावून तो इथे फाइलला ठेवायचा; पुढे दुरुस्ती आली तर तोच कामी येतो.

सनबर्स्ट (मधे उजळ, कडेकडे गडद होत जाणारा रंग) लहान तुकड्यावर कळत नाही, हे स्पष्ट सांगावं.

७ एप्रिल

पैशांचं बोलणं. तीन हप्ते ठेवले: रांगेत नाव लागताना, लाकूड कापताना, आणि पाठवण्याआधी. पहिला परत मिळतो की नाही, आणि कोणत्या कुलपापर्यंत, हे पावतीवरच छापलंय. इथे गुळमुळीत भाषा नको.

खरी कटकट कुरिअरची. गिऱ्हाईक म्हणतं, बास चार किलोचा, हार्ड केस धरून नऊ-दहा किलो, मग भाडं एवढं कसं? भाडं आकारमानावर लागतं. खोका १३० × ४५ × २० सेमी धरला आणि कुरिअरनं ५००० नं भागलं तर आकारमानी वजन २३.४ किलो येतं. हा हिशोब अंदाजपत्रकातच टाकला, त्यानंतर प्रश्न येत नाही.

परदेशी पार्सलांसाठी दोन ओळी: आयात शुल्क घेणाऱ्याचं, आणि इलेक्ट्रिक बासचा कस्टम्स कोड ९२०७.९० (९२०२ हा ध्वनिक तंतुवाद्यांचा, तो टाकू नये). ‘किंमत कमी दाखवा’, ‘गिफ्ट लिहा’ या मागण्यांना एकच उत्तर: विमा जाहीर केलेल्या किमतीवरच मिळतो. नियमबाह्य आहे हे तर आहेच, पण विम्याची ओळ लवकर पटते.

२२ एप्रिल

रोझवूडबद्दल सतत विचारणा होते, म्हणून एक तयार उत्तर लिहून ठेवलं. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशाची (रोझवूड याच वंशातलं) जवळजवळ सगळी झाडं साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आली आणि वाद्यांना सीमेवर कागद लागू लागले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला नाही. ते १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. आणि सूट तयार वाद्याला आहे, सुट्या लाकडाला नाही. ‘फ्रेटबोर्डची फळी मी पाठवतो, तुम्ही लावा’ असं कोणी म्हटलं तर आधी कागद मागायचे.

१२ मे

पाठवण्याआधीची तपासणी आणि सोबतचा कागद. बास तारा पूर्ण ताणून निदान आठवडाभर रॅकवर; मग सेटअप (नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणं); दोन दिवसांनी पुन्हा मोजणी. दुसऱ्या मोजणीचे आकडे कागदावर: नेकचा रिलीफ (हलका बाक) ०.३ मिमी, बाराव्या फ्रेटवर बी तार २.५ आणि जी तार २ मिमी उंच, वर्कशॉपची आर्द्रता ४५ टक्के, वजन, तारांचा संच. हा कागद नसेल तर पुढच्या कुठल्याही तक्रारीत ‘निघताना कसा होता’ यावर दोघांचंही नुसतं म्हणणं उरतं.

एक अखंड व्हिडिओ, कापाकापीशिवाय: प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, मग प्रत्येक नॉब. कंटाळवाणा आहे. कोणी शेवटपर्यंत पाहत नाही. तक्रार आली की मात्र दोन्ही बाजू तोच उघडतात.

केसच्या कप्प्यात ट्रस रॉडची (नेकमधल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईची) चावी, आणि ०.०१० च्या साध्या गिटार तारेचा बोटभर तुकडा. तो ०.२५ मिमी जाडीचा असतो, म्हणजे फुकटातलं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी). याचा उपयोग पुढच्या नोंदीत.

खोक्यावर ठळक: थंड हवेतून आला असेल तर केस न उघडता काही तास खोलीत ठेवा. गार लॅकर एकदम गरम हवेत आलं की तडकू शकतं.

३ जून

पोचल्यानंतरच्या तक्रारी. पहिलं उत्तर काय द्यायचं यावर सगळं ठरतं. ‘हे नॉर्मल आहे’ हे वाक्य बंद केलं. खरं असलं तरी ते माणसाला टोलवल्यासारखं लागतं.

तारा खडखडतात: फोनवर निदान करायचं नाही. क्रमानं विचारायचं. कुठली तार, कुठल्या फ्रेटवर, आणि अँपमधून ऐकू येतं की नुसतं कानाला? मग रिलीफ: तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर कप्प्यातला तुकडा तारेखालून घाला. तार न उचलता सैल सरकला तर रिलीफ ठीक. घुसतच नसेल किंवा तार उचलत असेल तर नेक सरळ झालाय, चावी डावीकडे पाव फेरा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही, पुन्हा ट्यून करून दुसऱ्या दिवशी पाहायचं. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण प्रवासात हवा बदलली की नेक थोडा हलतोच.

फ्रेटची टोकं बोचतात: कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो, धातू आकसत नाही. हे आमच्या खर्चानं, त्याच्या जवळच्या कारागिराकडून घासून घ्यायचं. बास परत मागवण्याचं भाडं त्याहून कितीतरी जास्त पडतं.

बॅटरी सारखी संपते: जवळजवळ नेहमी केबल लावून ठेवलेली असते. अशा बासमध्ये जॅक (केबल खोचायची जागा) हाच स्विच. प्रीअँप १ मिलिअँपिअर घेत असेल आणि ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासांची धरली, तर केबल न काढल्यास ती तीन आठवड्यांत रिकामी. १८ व्होल्टच्या सर्किटमध्ये दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलायच्या. एक नवी आणि एक जुनी घातली की पुन्हा तोच फोन.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर मरतो: हा डेड स्पॉट. नेक स्वतःच त्या सुराशी कंप पावतो आणि तारेची ताकद पितो. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) लहान क्लँप लावून पाहायला सांगायचं. जागा सरकली तर निदान पक्कं. सेटअपनं हा जात नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून द्यायला लागलो: लाकडी नेकवर कुठे ना कुठे असा सूर सापडू शकतो; अमुक फ्रेटवर तो ऐकवत नाही इतका असेल तर जबाबदारी आमची. आधी सांगितलं तर ती माहिती असते, तक्रारीनंतर तेच सबब वाटते.

२८ जून

वॉरंटीचा कागद एका पानावर आणला. भाडं कोणाचं, हा त्यातला पहिला मुद्दा ठेवला, शेवटचा नाही. लाकूड, सांधा किंवा वायरिंगचा दोष: दोन्हीकडचं आमचं. सेटअप: पहिले तीन महिने जवळच्या कारागिराचं बिल आमचं, आधी रक्कम कळवली असेल तर. वाजवून आवडला नाही: एका ठरलेल्या मुदतीत परत, जातानाचं भाडं त्याचं, आणि खास मापाचा बास असेल तर परत नाही. शेवटचा भाग बोचतो, म्हणून तो पहिल्या हप्त्याच्या पावतीवरही आहे.

उरलेलं काम: शुक्रवारच्या खबरा अजून एकाच माणसाच्या हातात आहेत. तो रजेवर गेला की गाडं अडणार. फाइलींचा साचा दुसऱ्या माणसाला देऊन पुढच्या फेरीतल्या सगळ्या खबरा त्याच्याकडूनच लिहून घ्यायच्या. त्याला जिथे विचारावं लागेल तिथे फाइलमध्ये काहीतरी राहिलंय असं धरून रकाना वाढवायचा.